मौक्यावर म्हातारा आढळला नाही

आमच्या गावाकडून हट्ट्याला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आहेत. श्रावणात त्या इतक्या भरतात की सायकलवाल्याला वाटावं, आपण पाण्यावरूनच चाललो आहोत. याच रस्त्याला नीळकंठ लांजेवारांचं घर लागतं. माणूस शेतकरी, अंगाने काटक, मिशी जपलेली. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते धानामुळे नाही, एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे 'पाह्यलं'.

गावात चोरी झाली, भिंत पडली, वीज पडून ढोर मेलं की पंचनामा होतो आणि त्याला पंच लागतात. आमच्याकडे पंच म्हणजे जो त्या वेळी चहाच्या टपरीवर बसलेला सापडतो तो. पेन साहेब देतात. पंच सही करतो आणि चहा संपवतो. ज्या जागेवर तो कधी गेला नाही तिथे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय काय पाहिलं, ते वर शुद्ध हिंदीत (आमच्याकडे सरकारची भाषा हिंदी) लिहिलेलंच असतं.

नीळकंठभाऊ मात्र जागेवर जात. एकदा एका घरची म्हैस विजेने मेली. पंचनाम्याला माणसं पोचली तोवर घरच्यांनी ती पुरून टाकली होती. बाकीच्यांनी मातीकडे पाहून सह्या केल्या. नीळकंठभाऊंनी खड्डा उकरायला लावला. नाकाला धोतराचा सोगा लावून सगळं गाव लांब उभं राहिलं, आणि हे खड्ड्याच्या काठावर वाकून म्हणाले, "हौ. म्हैसच आहे. आता सांगा, सही कुठं करू?"

तेव्हापासून साहेब लोक एकमेकांना सांगू लागले, "लांजेवारजी को मत बुलाओ, वो देखने लगते हैं." नीळकंठभाऊंनी हे वाक्य ऐकलं आणि ते मेडलासारखं छातीवर लावून घेतलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा जिलबी कशी आहे असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, "अजून ताटात आली नाही. कशी सांगू?"

त्यांचा एकुलता एक मुलगा पियुष शिकून स्कॉटलंडात ग्लासगोला नोकरीला लागला. त्याची बायको वल्लरी ही बालाघाट शहरातल्या लाखेसाहेबांची मुलगी. लाखेसाहेब म्हणजे निवृत्त यंत्री, सरकारी इंजिनियर. घरापुढे तुळस, तुळशीपुढे मोटार, आणि बोलण्यात अशी मराठी की ऐकणाऱ्याने आपली पायताणं बाहेर काढून ठेवावीत. गेल्या वर्षी ते लेकीकडे जाऊन आले. तिथे समुद्रात स्काय नावाचं बेट आहे, त्याच्यावर डोंगर आहे, आणि डोंगरावर एक उंच सुळका उभा आहे. त्या सुळक्याला तिकडचे लोक म्हातारा म्हणतात. त्या म्हाताऱ्याचा मोठा फोटो लाखेसाहेबांच्या बैठकीत लागला. निळं आभाळ, सोनेरी ऊन, खाली तळं. येणाऱ्या प्रत्येकाला आधी फोटोसमोर उभं करत, चहा मागून येई.

पियुष सुट्टीत येऊन बालाघाटला सासरी गेला की त्यालाही त्या फोटोसमोर उभं राहावं लागे. लाखेसाहेब खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुमच्या वडिलांनाही एकदा दाखवा हो. त्यांनी आयुष्यात पाहिलंय काय?" त्यातला 'काय' पियुषला काट्यासारखा बसला. त्याने आईबापाची तिकिटं काढली.

गावात बातमी पसरली की नीळकंठभाऊ स्कायला चालले. शेजारच्या तुळसाबाईला नातवाने स्कायचा अर्थ सांगितला, तर ती छातीला हात लावून आली. "दुर्गे, आकाशात जाते म्हणते? जित्तेपणी?"

"जित्तेपणीच जातो," नीळकंठभाऊंची बायको दुर्गाबाई पापड बांधता बांधता म्हणाली. "मेल्यावर तिकीट कोण काढते?"

ग्लासगोहून मोटारीने आणि मग बोटीने चौघं बेटावर पोचले, तेव्हा पाऊस लागलेला होता. आमचा पाऊस वरून खाली येतो. तिकडचा आडवा येतो, कॉलरमधून शिरतो आणि पायमोज्यातून निघतो. मधेच विचार केल्यासारखा थांबतो, आणि आपण छत्री मिटली की पुन्हा लागतो. डोंगर आहेत असं म्हणत. समुद्र आहे असं म्हणत. प्रत्यक्षात जे होतं ते पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यातून अधूनमधून एखादी मेंढी ओल्या गादीसारखी बाहेर येई, माणसांकडे कंटाळून पाही आणि परत आत जाई.

"याले झड म्हणतेत," नीळकंठभाऊंनी जाहीर केलं. "आपल्याकडची अन् यांची झड एकच. फक्त इथं धान नाही."

ज्या घरात ते उतरले त्याची मालकीण मोराग नावाची बाई होती. केस पांढरे, गाल लाल, बूट गुडघ्यापर्यंत. ती रोज सकाळी चहा आणी, खिडकीकडे बघे आणि हात जोडल्यासारखं करून म्हणे, "सॉरी."

"ही काहून माफी मांगते?" नीळकंठभाऊंनी विचारलं.

"पावसाबद्दल, बाबा," वल्लरी म्हणाली.

"पाणी काय हिनं सोडलं? हिले सांग, आमच्या गावी तू अशी झड घेऊन आली असती तं तुझी वरात काढली असती."

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पियुषने त्यांना बेटभर फिरवलं. जिथे जिथे गाडी थांबे तिथे रंगीत प्लास्टिकचे कोट घातलेले लोक रांगेने उभे असत आणि धुक्याचे फोटो काढत. कुणी जर्मनीहून आलेलं, कुणी जपानहून. सगळे एकाच पांढऱ्या ढिगाकडे बोट दाखवून आपापल्या भाषेत 'अहाहा' म्हणत. प्रत्येक जागी लोखंडी खांबावर पाटी होती, आणि पाटीवर इथून काय दिसतं त्याचं चित्र. नीळकंठभाऊ पाटी पाहत, मग धुकं पाहत, मग पुन्हा पाटी.

"बाबा, कसं वाटलं?"

"पाटी चांगली आहे."

संध्याकाळी पियुष म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या कसंही करून म्हातारा दाखवतो."

दुर्गाबाई मोजे पिळत होती. "म्हातारा दाखवायले इतक्या दूर आणलं, बापा? घरी होता ना."

वल्लरी हसली, पियुष हसला नाही. मुलाचं तोंड पाहून दुर्गाबाई उठली. तिच्या माहेरी गारा पडू लागल्या की त्या थांबाव्यात म्हणून अंगणात लोखंडी तवा पालथा टाकत. परदेशातल्या तव्यावर भाकर होत नाही म्हणून तिने घरचा तवा पेटीत घालून आणलाच होता. तो तिने मोरागबाईच्या अंगणात, गुलाबाच्या झाडाजवळ पालथा घातला आणि पदराने तोंड पुसत आत आली.

थोड्या वेळाने मोराग तवा पुसून, कोरडा करून दारात घेऊन उभी. "सॉरी," ती म्हणाली. तिला वाटलं, वाऱ्याने पडला. दुर्गाबाईने तो परत नेऊन घातला. मोरागने परत पुसून आणला. शेवटी वल्लरीने तिला सगळं समजावून सांगितलं. मोराग गंभीरपणे ऐकत राहिली, स्वयंपाकघरात गेली, आणि तिचा अंडी तळायचा मोठा तवा आणून तिने दुर्गाबाईच्या तव्याशेजारी पालथा घातला. दोघी दारात उभ्या राहून बघू लागल्या. पाऊस दोन तव्यांवर असा वाजू लागला की जणू त्याला ताशाच मिळाला.

सकाळी झड चालूच होती. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लागली. दुर्गाबाईने वर बघितलं, तिथे वर असं काही नव्हतंच, आणि म्हणाली, "तुमी जा. मी अन् सूनबाई चिवडा खातो."

बापलेक चढू लागले. वाट चिखलाची, दगडांची, मधूनच पाण्याची. नीळकंठभाऊंनी वल्लरीचा जांभळा रेनकोट घातला होता, टोपीला फुलं होती. वरून एक जोडपं उतरत आलं. पियुषने त्यांना काहीतरी विचारलं. त्या माणसाने हसून जोरजोराने मान हलवली आणि हात झटकला.

"काय म्हणे तो?"

"म्हणाला, मस्त आहे वर."

"मान तं त्यानं आडवी हालवली."

"इकडं आडवीच हालवतात, बाबा."

नीळकंठभाऊ पुढे चालू लागले. पोराला धाप लागली होती, त्यांना नव्हती.

वर पोचले तेव्हा पियुषने मोबाईलमध्ये नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला, आणि समोरच्या पांढऱ्याकडे हात केला. "बाबा, हा. इथंच आहे. एकदम समोर."

नीळकंठभाऊ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान उंच करून पाहिलं. मग पंचनाम्यातल्या हिंदीत, हळू आणि स्पष्ट, म्हणाले, "मौके पर म्हातारा नहीं पाया गया."

"बाबा, मजाक नका करू. आहे तो. कसम."

"असंन ना. मी कुठं नाही म्हणतो?"

ते पुढे निघाले, हात समोर धरून, आंधळ्यासारखे. धुक्यात तो जांभळा रेनकोट फिका होत होत नाहीसा झाला. पियुष घाबरून ओरडला, "बाबा!" आतून आवाज आला, "एक पत्थर पाया गया. गीला." पियुष आवाजाच्या रोखाने गेला. नीळकंठभाऊ एका काळ्या, पाझरत्या दगडाला तळवा लावून उभे होते. दगड वर कुठवर जातो ते दिसत नव्हतं.

"हाच! हाच म्हातारा!"

"हा म्हातारा, का म्हाताऱ्याचा पाय, का म्हाताऱ्याचा शेजारी, हे कसं सांगू?"

पियुष तिथेच ओल्या गवतावर बसला. चष्म्यावरून पाणी वाहत होतं, डोळ्यांतलं किती आणि वरचं किती ते कळायला मार्ग नव्हता. "आज दुपारी लाखेसाहेबांचा व्हिडिओ कॉल येईल. ते विचारतील. तुम्ही फक्त म्हणा, पाह्यला. एक शब्द, बाबा. मी तुमाले दुसरं कधी काही मांगलं?"

पोराने मागितलं ते नेमकं तेच, जे त्यांनी आयुष्यभर कुणाला दिलं नव्हतं. हवालदाराला नाही, सरपंचाला नाही, सख्ख्या भावालाही वाटणीच्या वेळी नाही. त्यांनी दगडावरचा हात काढला आणि ते खाली उतरू लागले.

खोलीवर आल्यावर दुर्गाबाईने दोघांची तोंडं पाहिली आणि पियुषकडून काय झालं ते काढून घेतलं. मग तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला.

"अजी, पाह्यलं नका म्हणू. दर्शन झालं म्हणा."

"दर्शन म्हंजे पाहणंच."

"असं काय? महाशिवरात्रीले लांजीच्या कोटेश्वरले गेलो होतो. गर्दीत तुमाले काय दिसलं होतं?"

नीळकंठभाऊंनी चहाची बशी सरकवली.

"समोरच्या बाईच्या खांद्यावरचं पोट्टं दिसलं होतं. अन् त्यानं तुमच्या टोपीवर ओकून देल्लं. घरी येऊन काय म्हणाले? दर्शन चांगलं झालं."

"ते देवाचं आहे."

"मंग हा बी म्हाताराच आहे. देव काय जवान असते?"

फोन वाजला. पडद्यावर लाखेसाहेब आले, मागे त्यांचा तो फोटो, सोनेरी उन्हाचा. शेजारी त्यांच्या पत्नी अहिल्याबाई, पडद्याच्या कडेने कपाळ अर्धं कापलेल्या.

"काय लांजेवार," लाखेसाहेब म्हणाले, "पाहिलात का शेवटी ओल्ड मॅन?"

पियुष खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वल्लरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. नीळकंठभाऊंनी मिशीवरून हात फिरवला, एकदा बायकोकडे पाहिलं.

"दर्शन झालं," ते म्हणाले.

लाखेसाहेबांजवळ पुढचे प्रश्न तयार होते. प्रकाश कसा होता, तळ्याचा रंग कसा होता, आमच्या वेळेला किती निरभ्र होतं. पण त्या एका शब्दापुढे यंत्रीसाहेबांचा हात आपोआप कपाळाला गेला. दर्शन झालं म्हणणाऱ्याला देव कसा दिसत होता असं कुणी विचारत नाही. अहिल्याबाईंनी तेवढं विचारलं, "अनवाणी गेला होतात का हो?"

पियुषने वळून बापाकडे पाहिलं, आणि लहानपणी बैल पोळ्याला सजवताना हसे तसा हसला. नीळकंठभाऊंना मात्र तो चहा गेला नाही.

ते गावी परतायच्या आधीच शब्द परतला होता. अहिल्याबाईंनी भजनी मंडळात सांगितलं, मंडळातून तो हट्ट्याच्या बाजारात आला, बाजारातून आमच्या गावात. बसमधून उतरतात तो तुळसाबाई कुंकवाचा करंडा घेऊन हजर.

"भाऊ, म्हातारदेव कसा आहे?"

"ओला आहे," नीळकंठभाऊ खरं तेच बोलले.

"अवो बाई! बाराही महिने अभिषेक!" असं म्हणून तिने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मागून आणखी बाया आल्या. कुणी विचारलं, नवसाला पावतो का. कुणी विचारलं, बकरू लागते का नारळ चालते. नीळकंठभाऊ हात झाडत घराकडे पळाले, तर लोक म्हणाले, पाहा, किती निगर्वी माणूस आहे.

चार दिवसांनी तेजराम आला, पेढ्यांचा डबा घेऊन. तेजराम गावातली बांधकामाची कामं घेतो, म्हणजे कामं घेतो. मसणघाटाच्या वाटेवर नाल्यावरची पुलिया, म्हणजे छोटा पूल, त्याने घेतली होती. पुलिया पूर्ण झाली असं गावातल्या एका भल्या माणसाने लिहून द्यायचं होतं. त्याने कागद पुढे केला.

"भाऊ, एक सही पायजे."

"पुलिया कुठं आहे?"

"नाल्यावर."

"मी पाह्यली नाही."

"असं नका बोलू, भाऊ," तेजराम मांडी घालून बसला. "सात समिंदरापार तुमाले दर्शन झालं. सारं गाव मानते. मंग आपल्या गावच्या पुलियाचं दर्शन काहून नाही होत?"

"तुले कोणं सांगतलं मी म्हातारा पाह्यला नाही?"

"मी कुठं म्हणतो नाही पाह्यला?" तेजरामने एक पेढा स्वतःच तोंडात टाकला. "मी फक्त इचारतो. पाह्यला का?"

नीळकंठभाऊंनी चुलीकडे पाहिलं. पाह्यला म्हणावं तर आयुष्यातलं पहिलं खोटं. दर्शन म्हणावं तर पुलियासुद्धा त्याच दर्शनात जाते, आणि उद्या रस्ता, परवा विहीर. दुर्गाबाई चुलीजवळून म्हणाली, "माह्याकडे नका पाहू. मी देवासाठी सांगतलं होतं, ठेकेदारासाठी नाही."

त्यांनी फोन उचलला आणि लाखेसाहेबांना लावला. स्पीकर कसा बंद करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे तेजरामने आणि दारात जमलेल्या तुळसाबाईनेही सगळं ऐकलं.

"इवाईबुवा, मी नीळकंठ. म्हातारा पाह्यला नाही मी. धुकं होतं. एका दगडाले हात लावला, बस. दर्शन वापस घेतो."

तिकडे लाखेसाहेब घसा खाकरून म्हणाले, "अस्सं. वाईट वाटलं ऐकून. अर्थात नशीब लागतं. आमच्या वेळेला—"

"आमच्या वेळेला काय?" मागून अहिल्याबाईंचा आवाज आला, आणि त्या बैठकीतल्या मराठीतून सरळ माहेरच्या बोलीत उतरल्या. "चार दिवस लुगडं वाळलं नव्हतं! तो फोटो तं तिथल्या दुकानातून आणला. हेच म्हणाले, नाव काढू नको—"

फोन बंद झाला.

तेजराम हसत सुटला. "म्हंजे कोणीच नाही पाह्यला? मंग भाऊ, म्हातारा आहे का नाही?"

"आहे," नीळकंठभाऊ म्हणाले. "पुलिया नाही."

तेजराम उठला. जाताना पेढ्यांचा डबा घेऊन गेला. तुळसाबाईने करंडा बंद केला आणि म्हणाली, "इतकं कुंकू वाया गेलं." ग्लासगोहून त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लाखेसाहेब वल्लरीवर भडकले, वल्लरी पियुषवर, आणि पियुष बापाशी बोलेना. नीळकंठभाऊ फोन उशाशी घेऊन झोपत आणि सकाळी तो चालू आहे की नाही ते पाहत. "लावा ना तुमीच," दुर्गाबाई म्हणे. "लावून काय सांगू?" ते म्हणत. "जे झालं ते त्याले माहीत आहे."

दिवाळीच्या तोंडावर पियुषचा फोन आला. आईशी बोलला, धान किती झालं विचारलं, मग म्हणाला, बाबाले द्या. काय बोलले ते दुर्गाबाईलाही कळलं नाही, कारण नीळकंठभाऊ फोन घेऊन बांधीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

त्या कागदावर सही दुसऱ्या कुणीतरी केली. त्या दिवशी टपरीवर कोण बसलं होतं, एवढाच प्रश्न होता. नाल्याच्या काठावर निळी पाटी लागली, पुलियाचं नाव, वर्ष, सगळं. पाटी चांगली आहे. नीळकंठभाऊ पलीकडच्या वावरात जातात तेव्हा पाटीपाशी थांबतात, चपला हातात घेतात, धोतर गुडघ्याच्या वर धरतात आणि पाण्यात उतरतात. तेजराम मोटारसायकलवर लांबून फेऱ्याच्या वाटेने जात असला की हात वर करून ओरडतो, "भाऊ, पुलियावरून जा ना!"